कुटुंबांतील आनुवंशिक शारीरिक वैशिष्ट्ये

एखाद्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळणारी, बहुधा निरुपद्रवी परंतु लक्ष वेधून घेणारी शरीराची ठेवण किंवा शारीरिक क्षमता म्हणजे कौटुंबिक शारीरिक वैशिष्ट्य होय. जिभेची पन्हळ करता येणे, कान हलविता येणे, कानाच्या कडेवर केस उगविणे, डोळे घारे असणे, हाताला सहावे बोट असणे, अंधारातून एकदम उन्हात येताच शिंका येणे, एखादी कडू चव मुळीच न जाणवणे ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. ‘खाण तशी माती’ ही म्हण किंवा ‘मामाच्या वळणावर गेला’ हा वाक्प्रचार याच अनुभवातून आलेला आहे. मात्र घरात एखादा गुण पुन्हा पुन्हा दिसतो म्हणून तो एकाच जनुकाने आणि शाळेत शिकविल्या जाणाऱ्या मेंडेलच्या सरळ नियमानेच उतरतो, असे होत नाही. या विषयावरील लोकप्रिय लेखनात, तसेच काही पाठ्यपुस्तकांत, हा भेद पुष्कळदा पुसला गेलेला दिसतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाला वेगळे महत्त्व आहे. मानवी आनुवंशिकतेतील एक अत्यंत दुर्मिळ गुण, बॉम्बे रक्तगट, 1952 साली मुंबईतच प्रथम ओळखला गेला. घाऱ्या डोळ्यांवरून कोकणातील एका समाजाच्या मूळस्थानाविषयी झालेला दीर्घ वादही येथलाच आहे.

जिभेची पन्हळ

जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून तिला पन्हळीचा आकार देणे काहींना सहज जमते, काहींना कितीही प्रयत्न करून जमत नाही. अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी 1940 साली हा मानवातील एक आनुवंशिक गुण असल्याचे प्रसिद्ध केले. जीभ वळविता येणे प्रभावी आणि न येणे अप्रभावी, अशी त्याची मांडणी लवकरच रूढ झाली. उपकरण लागत नाही, खर्च येत नाही आणि वर्गात हशाही पिकतो. त्यामुळे शालेय विज्ञानात हे उदाहरण घट्ट बसले.

परंतु ते टिकणारे नव्हते. जपानमधील ताकू कोमाई यांना 1951 साली असे आढळले, की जीभ वळविता येणाऱ्या मुलांचे प्रमाण सहा-सात वर्षांच्या वयात सुमारे 54 टक्के, तर बाराव्या वर्षी सुमारे 76 टक्के असते. म्हणजे अनेक मुले ही कला वाढत्या वयात शिकतात. 1952 साली फिलिप मॅटलॉक यांनी एकबीज जुळ्यांच्या 33 जोड्या तपासल्या. अशा जुळ्यांची जनुके सारखीच असतात, तरीही 7 जोड्यांत एकाला जीभ वळविता येत होती आणि दुसऱ्याला येत नव्हती. एकाच जनुकाचा हा खेळ असता तर असे घडले नसते. स्टर्टेव्हंट यांनी स्वतः 1965 साली आपला मूळ निष्कर्ष मागे घेतला आणि तो अजूनही प्रमाण म्हणून दिला जातो याबद्दल संकोच व्यक्त केला. आनुवंशिकतेचा या गुणावर काही प्रभाव आहे, एवढेच आज म्हणता येते.

या चुकीचा उपद्रव केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. ‘आईवडील दोघांनाही जीभ वळविता येत नाही, पण मुलाला येते’ असे दिसले, तर पाठ्यपुस्तकातील नियमाप्रमाणे ते अशक्य ठरते. आणि वर्गात हा उपक्रम करून घरी गेलेले मूल नको तो प्रश्न घेऊन जाते. वास्तविक अशी मुले पुष्कळ असतात.

कानाचे चार गुण

कान हा या विषयाचा उत्तम नमुना आहे, कारण त्याच्या चार वैशिष्ट्यांच्या चार वेगळ्या कथा आहेत.

पहिले वैशिष्ट्य पाळीचे. सुटी पाळी प्रभावी आणि चिकटलेली पाळी अप्रभावी असे सांगितले जाते. प्रत्यक्षात पाळ्यांचे असे दोन स्वच्छ गट पडत नाहीत. पूर्ण सुटी ते पूर्ण चिकटलेली अशी सलग श्रेणी आढळते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाळीच्या ठेवणीशी संबंधित अशी जनुकसंचातील 49 स्थाने सापडली.

दुसरे वैशिष्ट्य कान हलविता येण्याचे. बाह्यकर्णाला जोडलेले स्नायू सर्वांनाच असतात. गाय, घोडा, मांजर यांच्यात ते आवाजाच्या दिशेने कान वळवितात, माणसात ते जवळजवळ निरुपयोगी झाले आहेत. चार्ल्स डार्विन यांनी 1871 सालच्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात अशा अवशिष्ट स्नायूंची चर्चा केली आहे. काहींना ते इच्छेनुसार हलविता येतात. सरावानेही हे काही प्रमाणात साधते, म्हणून आजोबा व नातू दोघे कान हलवीत असले तर त्यात वारसा किती आणि आजोबांची शिकवणी किती हे ठरविणे सोपे नाही.

तिसरे वैशिष्ट्य, पुरुषांच्या कानाच्या कडेवर उगविणारे लांब केस, भारतात विशेष परिचित आहे. ते भाग्याचे लक्षण मानण्याचा समजही प्रचलित आहे. हा गुण केवळ पुरुषांत आणि वडिलांकडून मुलाकडे जाताना दिसत असल्याने तो वाय गुणसूत्रावर असावा, असा तर्क विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीत मांडला गेला. जे. बी. एस. हाल्डेन 1957 साली भारतात आल्यानंतर त्यांचे विद्यार्थी कृष्ण द्रोणमराजू यांनी 1960 साली अशा कुटुंबांच्या वंशावळी प्रसिद्ध केल्या आणि हा वाय गुणसूत्रावरील गुण असल्याचे मत मांडले. पुढे अनेक वर्षे तो पुस्तकांतून वाय गुणसूत्राचे ठरलेले उदाहरण म्हणून येत राहिला. अडचण अशी, की हे केस अनेकदा उतारवयात येतात. तरुण मुलाच्या कानावर केस नाहीत, म्हणून त्याला तो वारसा मिळाला नाही असे ठरविता येत नाही. आणि वंशावळीत रिकामे राहिलेले चौकोन संशोधकाच्या मर्जीप्रमाणे भरले जाऊ शकतात. 2004 साली इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी दक्षिण भारतातील कानांवर केस असलेल्या पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासली. ती एका कुळातील नसून निरनिराळ्या कुळांतील निघाली, आणि हा तर्क मागे पडला.

चौथे वैशिष्ट्य सर्वांत कमी बोलले जाणारे, पण नियमाला सर्वांत चोख उतरणारे आहे. कानातला मळ दोन प्रकारचा असतो: ओला व चिकट, किंवा कोरडा व भुसभुशीत. 2006 साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की हा फरक एबीसीसी 11 या जनुकातील केवळ एका अक्षराच्या बदलाने पडतो. ओला मळ प्रभावी, कोरडा अप्रभावी. चीन, कोरिया, जपान येथे कोरडा प्रकार बहुसंख्य आहे. शाळांनी जीभ आणि पाळी सोडून हे उदाहरण घ्यायला हरकत नाही. ते फारसे शोभिवंत नाही, एवढेच.

कडू चव

1931 साली अमेरिकेतील डुपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनतज्ज्ञ फिनाइलथायोकार्बामाइड (पीटीसी) नावाची भुकटी हाताळत असताना ती हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याने ती फार कडू लागत असल्याची तक्रार केली. फॉक्स यांना मात्र कसलीच चव लागली नाही. या प्रसंगातून सुरू झालेल्या तपासण्यांत हा भेद कुटुंबांत उतरत असल्याचे स्पष्ट झाले आणि जगभर पीटीसी लावलेल्या कागदाच्या पट्ट्या माणसांच्या जिभेवर ठेवल्या जाऊ लागल्या. डीएनए चाचणीच्या पूर्वीच्या काळात पितृत्व तपासण्यासाठीसुद्धा हिचा उपयोग झाला. याला मुख्यतः कारणीभूत असलेले टीएएस 2 आर 38 हे जनुक 2003 साली डेनिस ड्रेना यांच्या गटाने शोधले.

कोबी, मुळा, मोहरी यांच्या कुळातील भाज्यांमध्ये पीटीसीशी रासायनिक साम्य असलेली द्रव्ये असतात, त्यामुळे एकाच ताटातील भाजी घरातील एकाला उग्र आणि दुसऱ्याला सौम्य लागू शकते. कारल्याचा कडूपणा मात्र वेगळ्या द्रव्यांचा आहे. कारले आवडीने खाणारे कुटुंब हे पीटीसीची चव न लागणारे कुटुंब असेलच असे नाही.

घारे डोळे

मराठीत ‘घारे’ हा शब्द निळसर, हिरवट, राखी आणि फिकट पिंगट अशा सर्व फिकट डोळ्यांना लावला जातो. कोकणस्थ किंवा चित्पावन ब्राह्मणांमध्ये असे डोळे तुलनेने अधिक दिसतात, हे निरीक्षण जुने आहे. त्यावरून हा समाज समुद्रमार्गे परदेशातून आला असावा, असे निरनिराळे तर्क केले गेले. ‘सह्याद्रिखंडा’तील परशुरामाने चितेतून माणसे उठविल्याची कथाही त्यांना जोडली गेली.

डोळ्यात निळे रंगद्रव्य नसतेच. बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन कमी असले, की प्रकाशाच्या विकिरणामुळे डोळा निळसर भासतो. थोडे अधिक असले तर हिरवट किंवा पिंगट, आणि भरपूर असले तर काळा. 2008 साली कोपनहेगनमधील संशोधकांनी दाखविले, की पंधराव्या गुणसूत्रावरील एचईआरसी 2 या जनुकातील एक बदल शेजारच्या ओसीए 2 या जनुकाचे काम मंदावतो आणि निळ्या डोळ्यांना मुख्यतः तोच कारण असतो. याशिवाय इतर अनेक जनुकांचा रंगाच्या छटेवर परिणाम होतो. त्यामुळे दोन्ही पालकांचे डोळे काळे असताना मुलाचे डोळे घारे असणे सहज शक्य आहे, आणि क्वचित याच्या उलटही घडते. घारे डोळे महाराष्ट्रातील इतर अनेक जातींत आणि भारताच्या इतर प्रांतांतही आढळतात. एका अवयवाच्या रंगावरून संपूर्ण समाजाचे मूळस्थान ठरविणे हे शास्त्राला धरून नाही.

या संदर्भात इरावती कर्वे (1905–1970) यांचे काम पाहण्यासारखे आहे. चित्पावन ब्राह्मण हाच विषय घेऊन त्यांनी गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठात प्रबंध लिहिला (1928). पुढे त्या बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवटीच्या असमानतेवर त्यांनी डॉक्टरेटचे काम केले. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. कवटीची असमानता वंशानुसार बदलते असा निष्कर्ष निघावा, अशी तेथील अपेक्षा होती. कर्वे यांच्या मोजमापांत तसा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी तो दाखविला नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यानंतर त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शारीरिक मोजमापांचा ग्रंथ सिद्ध केला (1951). ‘ब्राह्मण’ या एकाच नावाखाली येणाऱ्या महाराष्ट्रातील पोटजाती एका मूळ समूहाचे तुकडे नसून वेगवेगळे समूह असावेत, असे मत त्यांनी अशा अभ्यासांच्या आधारे मांडले.

अंतर्विवाह आणि गुणांची दाटी

एखादे वैशिष्ट्य विशिष्ट समाजात दाटून येण्याचे मुख्य कारण अंतर्विवाह हे आहे. उत्तर कोकणातील वसई तालुका याचे चांगले उदाहरण आहे. तुंगारेश्वरच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या चिंचोटी-कामण परिसरापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंतचे अंतर थोडेच आहे, पण तेवढ्या पट्ट्यात वारली, कातकरी, मल्हार कोळी, आगरी, कोळी, भंडारी, सोमवंशी क्षत्रिय, सामवेदी ब्राह्मण आणि ख्रिस्ती असे अनेक समाज शेजारी शेजारी राहतात. बाजार एक असला तरी सोयरीक परंपरेने आपापल्यात होत आली. पोर्तुगीज अमदानीत (1534–1739) वसईत धर्मांतरे झाली. सामवेदी बोली आजही हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही समाजांत बोलली जाते. धर्मांतराने लग्नसंबंधांच्या वाटा बदलल्या, त्यापूर्वीचा वारसा मात्र दोघांकडेही राहिला.

नात्यातील विवाहाने हा परिणाम आणखी वाढतो. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह मान्य आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता 16 मध्ये 1 असते. पिढ्यान्‌पिढ्या दडून राहिलेला अप्रभावी गुण अशा वेळी अचानक प्रकट होतो, आणि ‘आमच्या घराण्यात असे कधी नव्हते’ असे म्हणण्याची पाळी येते. तो घराण्यात होताच, दिसत नव्हता.

बॉम्बे रक्तगट

वरील सर्व वैशिष्ट्ये डोळ्यांना दिसतात. बॉम्बे रक्तगट दिसत नाही, जाणवत नाही, त्याने प्रकृतीवर काही परिणाम होत नाही. परंतु रक्त देण्याची वेळ आली तर जीव त्यावर अवलंबून असतो.

डॉ. य. म. भेंडे, चि. कृ. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी यांनी 1952 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याची प्रथम नोंद केली. मुंबईतील काही व्यक्तींचे रक्त नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ गटाचे वाटत होते, पण त्यांच्या रक्तद्रवात ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींच्याही गुठळ्या होत होत्या. ‘ओ’ गटाचे रक्त सर्वांना चालते, या समजाला हा थेट अपवाद होता.

याचे कारण असे. तांबड्या पेशींवर प्रथम ‘एच’ नावाचा पदार्थ तयार होतो. ‘ए’ व ‘बी’ ही प्रतिजने याच पायावर उभी राहतात. ‘ओ’ गटात हा पाया तसाच उघडा राहतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तीला एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एफयूटी 1 या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी मिळालेल्या असतात, त्यामुळे पायाच घातला जात नाही. ‘ए’ किंवा ‘बी’ची जनुके शाबूत असली तरी त्यांना काम करायला जागा उरत नाही. पेशींवर ‘ए’ नाही, ‘बी’ नाही, म्हणून चाचणी ‘ओ’ असे उत्तर देते. शरीर मात्र ‘एच’लाही परके समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बाळगते. अशा व्यक्तीला साधे ‘ओ’ रक्त दिले तर प्राणघातक प्रतिक्रिया होऊ शकते. ‘ओ निगेटिव्ह’ही चालत नाही.

मुंबईतील पाहणीत याचे प्रमाण सुमारे 7,600 व्यक्तींमागे एक असे आढळले (1974). भारतात ते साधारणतः 10,000 मागे एक, तर युरोपात दहा लाखांमागे एक धरले जाते. शहराचे अधिकृत नाव 1995 साली बदलले तरी रक्तगटाचे नाव बॉम्बेच राहिले.

ही चूक टाळण्याचा उपाय अवघड नाही. केवळ पेशींची तपासणी न करता रक्तद्रवाची उलट तपासणीही केली, तर ‘ओ’ पेशींच्या गुठळ्या होताना दिसतात. ‘एच’ ओळखणारे अभिकर्मक वापरले तर निदान पक्के होते. रुग्ण बॉम्बे गटाचा निघाला, की सर्वप्रथम त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करावी लागते. आईवडील दोघेही या जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याची शक्यता चारात एक असते; अनोळखी लोकांत ती हजारोंत एक असते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे स्वतःचेच रक्त काढून साठविण्याचा मार्गही वापरला जातो.

रक्तगट आणि पितृत्वाचा संशय

सर्वसाधारण नियमाप्रमाणे ‘ओ’ गटाच्या पालकाला ‘एबी’ गटाचे अपत्य होत नाही. पण तो पालक प्रत्यक्षात बॉम्बे गटाचा असेल, तर त्याच्यात दडलेले ‘ए’ किंवा ‘बी’ जनुक अपत्याकडे जाऊन तेथे पूर्णपणे प्रकट होऊ शकते, कारण अपत्याला दुसऱ्या पालकाकडून ‘एच’ घडविणारे चांगले जनुक मिळते. अमेरिकेत फिलिप लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी 1955 साली एका कुटुंबाच्या अभ्यासातून नेमके हेच दाखविले. ही कारणपरंपरा ठाऊक नसेल, तर रक्तगटाच्या दोन कागदांवरून निरपराध स्त्रीवर संशय घेतला जाऊ शकतो.

रक्तगट, डोळ्यांचा रंग, जीभ किंवा पाळी यांपैकी कशानेही पितृत्व सिद्ध होत नाही. रक्तगटाने ते काही वेळा नाकारता येते, तेही वरील अपवाद वगळूनच. भारतीय कायद्याने या बाबतीत सावध भूमिका घेतलेली आहे. वैध विवाह कायम असताना जन्मलेले अपत्य त्या पतीचेच मानावे, असे 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम 112 सांगत होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम 116 मध्ये आहे. पितृत्व नाकारण्यासाठी रक्ततपासणीचा आदेश सरसकट देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली स्पष्ट केले. 2014 साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात मात्र, प्रत्यक्ष झालेल्या डीएनए चाचणीचा निष्कर्ष या गृहीतकाहून वरचढ ठरतो, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला.

घराण्याचा गळा

शारीरिक क्षमतेच्या वारशाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा गाण्यापाशी येऊन थांबते. दीनानाथ मंगेशकर (1900–1942) यांची पाचही अपत्ये संगीतात आली, हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण. सूर ओळखण्याच्या क्षमतेत आनुवंशिकतेचा वाटा असतो, याला पुरावा आहे. पीटीसीचे जनुक शोधणाऱ्या ड्रेना यांनीच 2001 साली जुळ्यांना सुरेल व बेसूर चाली ऐकवून केलेल्या अभ्यासात हा वाटा 71 ते 80 टक्के इतका काढला. परंतु सूर ओळखणारा कान असणे वेगळे आणि गाता येणे वेगळे. हिंदुस्थानी संगीतातील ‘घराणे’ हा शब्द मुळात कुटुंबाचा असला तरी त्याची परंपरा रक्तापेक्षा तालमीने अधिक चालली. किराणा घराण्यात अब्दुल करीम खाँ यांची मुले सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर गायली. आणि त्यांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकलेले भीमसेन जोशी यांचे त्या कुटुंबाशी रक्ताचे कोणतेही नाते नव्हते.